चार मणक्यांचा डायनोसॉर

आपल्या मुलांना अमेरिकेतला टी-रेक्स ठाऊक असतो, पण जबलपूरचा लेव्हीसुकस त्यांच्या शिक्षकांनीही ऐकलेला नसतो. मीही त्या शिक्षकांपैकीच एक.

आमच्या चाकणच्या डोंगरांत डायनोसॉर शोधण्यात अर्थ नाही. इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पण त्याच्याच आगेमागे साठलेले लॅमेटा थर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला आणि तिकडे जबलपूरला उघडे पडले आहेत. तिथे हाडं मिळतात. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर चार्ल्स मॅटले यांनी केलेल्या खोदकामात मोठ्या प्राण्यांच्या हाडांबरोबर एका छोट्या शिकाऱ्याचे चार मणके निघाले. १९३३ साली फॉन ह्यूने आणि मॅटले यांनी त्याचं बारसं केलं, लेव्हीसुकस इंडिकस. लांबी अंदाजे २ मीटर. हल्ली चित्रकार त्याला पिसंही लावतात. मणक्यांवरून पिसांचा पत्ता लागत नाही. १९९६ पासून चीनमध्ये पिसांचे ठसे असलेले छोटे डायनोसॉर मिळू लागले, तेव्हापासूनची ही पद्धत.

खरी गंमत पुढेच आहे. १९८० साली अर्जेंटिनातल्या नोआसॉरसचं आणि २००१ साली मादागास्करच्या मासियाकासॉरसचं वर्णन छापून आलं. आपला लेव्हीसुकस त्यांच्याच कुळातला निघाला! एकेकाळी हे सारे भूखंड जोडलेले होते, त्याचा तो घरचा पुरावा. म्हणजे त्या चार मणक्यांना अर्थ यायला सत्तर वर्षं लागली. आणि तोवर त्यातले बहुतेक मणके संग्रहातून गहाळ झाले होते.

कुणी म्हणेल, "सर, इथे रस्त्यावरचे खड्डे बुजत नाहीत आणि तुम्हाला मणक्यांची चिंता!" खड्ड्यांची चिंता मलाही आहे. पण मणके जपायला काही पूल बांधण्याइतका पैसा लागत नाही. लागतं एक कपाट, प्रत्येक वस्तूवर क्रमांक आणि वर्षातून एकदा नीट मोजदाद. आमच्या चाकणच्या कारखान्यांत साध्या बोल्टलाही पार्ट नंबर असतो, तो कमी भरला तर जाब विचारला जातो. बोल्ट पुन्हा बनवता येतो, मणका नाही. मग तो हरवल्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

पिसदुऱ्याच्या शेतांत जीवाश्मांचे तुकडे मिळत आले आहेत. त्यातला लहानसा, बिनमहत्त्वाचा वाटणारा तुकडाही नोंदवून ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. त्याचा अर्थ लावायला पुढची पिढी समर्थ आहे.