लांबलेला हंगाम खोटा नसतो

‘अच्छा, म्हणजे कोविड बॅच!’

गेल्या महिन्यात नोकरीच्या एका मुलाखतीत माझी दहावीची मार्कलिस्ट बघून समोरचे सर हसत म्हणाले. वाईट हेतू नसेल त्यांचा. मीही हसले. पण अडचणीच्या वर्षात जे पार पडलं ते जरा कमअस्सलच, हा जो समज त्या हसण्यामागे आहे, तो मला पटत नाही. का पटत नाही, हे सांगायला मी मोटारींच्या शर्यतीचं उदाहरण घेणार आहे. वाङ्मय मंडळाच्या अंकात मोटारी कशाला, असं वाटेल. थोडा धीर धरा.

वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप ही दमसासाची स्पर्धा. एकेक शर्यत कित्येक तासांची, आणि फ्रान्समधल्या ले मान्सची तर पूर्ण चोवीस तासांची. एका गाडीला दोन-तीन चालक. एक उतरतो, दुसरा बसतो, गाडी मात्र तीच. 2019-20 चा हंगाम 1 सप्टेंबर 2019 ला इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला सुरू झाला आणि जून 2020 मध्ये ले मान्सला संपायचा होता. मार्चमध्ये अमेरिकेने युरोपातून येणाऱ्यांना दार बंद केलं आणि फ्लोरिडातली सेब्रिंगची 1000 मैलांची शर्यत आठवड्यावर आलेली असताना रद्द झाली. बेल्जियममधली स्पाची शर्यत एप्रिलवरून ऑगस्टवर गेली, ले मान्स जूनवरून 19-20 सप्टेंबरवर. सेब्रिंगची जागा भरायला बहारीनला आणखी एक शर्यत ठेवली. शेवटचा झेंडा पडला 14 नोव्हेंबर 2020 ला. दहा महिन्यांचा हंगाम साडेचौदा महिन्यांचा झाला.

मधल्या काळात आयोजकांनी एक गंमत केली. 13-14 जूनला, म्हणजे मूळ तारखेलाच, कॉम्प्युटरवर ‘व्हर्च्युअल’ ले मान्स भरवली. खरे चालक आपापल्या घरून खेळले. सर्व्हरच्या तक्रारीमुळे शर्यत दोनदा थांबवावी लागली. मी आणि दादाने मोबाइलवर तुकड्या-तुकड्याने बघितली. मजा आली. पण त्याच वर्षी ईस्टरचा मिस्साही आम्ही त्याच मोबाइलवर पाहिला होता. प्रार्थना खरी होती, पण कम्युनियन काही स्क्रीनमधून हातात येत नाही. आमच्या घरात कुणी त्या मिस्साला खोटा म्हटलं नाही, आणि आता देवळात जायची गरज उरली नाही, असंही कुणी म्हटलं नाही. आयोजकांनी तेच केलं. व्हर्च्युअलवर काम भागवलं नाही, सप्टेंबरची खरी शर्यत घेतलीच.

ती कशी होती? त्याआधीच्या वर्षांत अडीच लाखांच्या आसपास लोक जमायचे, तिथे स्टँड रिकामे. शहराच्या चौकात गाड्यांची जाहीर तपासणी होते, तीही नाही. कॉर्व्हेटचा संघ 2000 पासून दरवर्षी यायचा, तो आला नाही. जूनच्या छोट्या रात्रीऐवजी जवळजवळ बारा तासांची रात्र. पण चोवीस तास म्हणजे चोवीस तासच. टोयोटाची सात नंबरची गाडी पुढे होती, रात्री तिचा टर्बो बिघडला आणि दुरुस्तीत अर्धा तास गेला. साथीचं वर्ष आहे म्हणून तो अर्धा तास कुणी तिला परत दिला नाही. जिंकली आठ नंबरची टोयोटा. सात नंबरच्या कॉनवे, कोबायाशी आणि लोपेझ यांनी पुढे बहारीनला शर्यत आणि हंगामाचं अजिंक्यपद, दोन्ही मिळवलं.

काही मित्र म्हणतात, लोक मरत असताना शर्यत हवी कशाला? प्रश्न रास्त आहे. ले मान्स 1936 मध्ये संपामुळे आणि 1940 ते 1948 या काळात युद्ध आणि त्यानंतरच्या पडझडीमुळे झाली नव्हती. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. 2020 मध्येही झाली नसती तरी चाललं असतं. माझं म्हणणं एवढंच, की थांबायचं तेव्हा थांबून, गर्दी न जमवता जर ती घेतली, तर तिच्या निकालापुढे फुली मारू नका. आणि रिकामे स्टँड लपवूही नका.

आता आमच्याकडे येते. इथे मला प्रामाणिक राहायला हवं, कारण आमचं घड्याळ खरंच कापलं गेलं. जुलै 2021 मध्ये कर्नाटकात एसएसएलसी झाली ती दोन दिवसांत सहा विषय, सगळे पर्यायी प्रश्न, गोल काळे करायचे. जवळजवळ सगळेच पास. चंदगडच्या माझ्या मावसबहिणीला तर परीक्षाच नव्हती, महाराष्ट्रात शाळेच्या मूल्यमापनावर निकाल लागला. तेव्हा त्या मार्कांवर कुणी शंका घेतली तर मी भांडणार नाही. पण वर्षावर शंका घेऊ नका. एक मोबाइल दोघांत, सकाळी दादाचं कॉलेज, दुपारी माझी शाळा, रेंजसाठी गच्चीवर. ते वर्ष आम्ही पूर्ण चालवलंय, एक उतरला की दुसरा बसला.

पुढच्या वेळी कुणी ‘कोविड बॅच’ म्हणालं तर मी हसून सोडून देणार नाही. हो म्हणेन, आणि म्हणेन, ‘मार्कलिस्ट बाजूला ठेवा सर, काय विचारायचं ते आता मला विचारा.’