न वाचता येणारे परिपत्रक

मसोलीत एखादा अंध विद्यार्थी पदवीचे शिक्षण घेत आहे, अशी कल्पना करावी. त्याचे डहाणूतील महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठ शंभराहून अधिक किलोमीटर दूर. परीक्षेचा अर्ज, शुल्काची मुदत, लेखनिक मिळण्याचे नियम हे सारे त्याला संकेतस्थळावरूनच कळावयाचे. त्याच्या मोबाईलमध्ये पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी सोय आहे. परंतु परिपत्रक सहीशिक्क्यानिशी स्कॅन करून केवळ चित्ररूपाने चढविले असेल, तर त्या सोयीला वाचावयास अक्षरच उरत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या टंकातील मराठी असेल, तर निरर्थक ध्वनींचा गोंधळ कानी पडतो.

कायदा नाही, असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम १५ मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

मग अडते कोठे? निवाडा दिल्लीत होतो. परिपत्रक मात्र विभागातील लिपिक किंवा कंत्राटी संगणकचालक चढवितो. शीर्षक नुसते ठळक न करता शीर्षक म्हणून नोंदवावे, चित्राला वर्णन जोडावे, दुव्याला ‘येथे पाहा’ ऐवजी अर्थपूर्ण नाव द्यावे, कर्णबधिरांसाठी चलचित्राखाली मजकूर द्यावा, स्कॅनऐवजी मूळ टंकलिखित प्रत ठेवावी, हे त्याला कोणी शिकविले आहे काय? शिक्षण न देता दोष मात्र त्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

मूठभरांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतील. देशात २०११ च्या जनगणनेनुसार २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. शिवाय चित्रापेक्षा अक्षरे हलकी असतात. जेथे नेटवर्क क्षीण, तेथील डोळस विद्यार्थ्यालाही त्यांचा लाभच होतो. यंत्र आपोआप सारे सुधारील, ही आशाही भाबडी आहे. चित्रातून अक्षरे उचलताना एक आकडा चुकला, तरी शुल्काची मुदत बदलते.

म्हणून मजकूर चढविणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, कंत्राटी असला तरीही, कामाच्या वेळेत पगारी प्रशिक्षण मिळाले पाहिजे. तयार मजकूर तपासण्याचे काम दिव्यांग विद्यार्थ्यांना मोबदला देऊन सोपवावे. अधिसभेतील लोकप्रतिनिधींनी आणि विद्यार्थी संघटनांनी त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मागावी.

याच मुलखात १९४५ साली वारली उठले ते वेठीविरुद्ध. सावकाराच्या कागदावर न वाचताच अंगठा उठविण्याचे दुःख या मातीला ठाऊक आहे. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला आपला हक्कही मागता येत नाही. तो कागद आज पडद्यावर आला आहे, एवढाच काय तो फरक.