वाळूच तर आहे?

आम्ही परभणीचे. आमच्याकडे वाळू म्हणजे गोदावरीची, ब्रासच्या भावाने ट्रकमधून येणारी. त्यामुळे लाँग वीकेंडला कोकणात "वाळूच तर आहे, घाल गाडी!" म्हणणाऱ्या मित्रांचं नवल नाही वाटत. राग मात्र येतो.

दापोली तालुक्यात केळशीला वाळूची अख्खी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती त्सुनामीने आली असावी असं मांडलं. आणि आपण तिथे काय करतो? घसरगुंडी!

बरं, केळशी सोडा. इतर किनाऱ्यांवरच्या उंचवट्यांवर मर्यादवेल पसरलेली असते.. आपट्यासारखी पानं, जांभळी फुलं. ती वाळू धरून ठेवते म्हणून मागच्या वाड्या वाचतात. तिच्यावरून टायर फिरले की वाळू उडायला मोकळी. २०११ आणि २०१९, दोन्ही सीआरझेड अधिसूचनांत या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. प्रॉडक्शन सर्व्हरला विनापरवानगी हात लावणाऱ्याला आपण सोडतो का? मग इथे "एका गाडीने काय होतंय" कसं चालतं?

फिरू नका असं कोण म्हणतंय? गाडी रस्त्यावरच ठेवा, गावकऱ्यांच्या पायवाटेने उतरा आणि ओल्या, घट्ट वाळूवर हवं तेवढं चाला.