बादलीभर पाणी आणि रांगते मूल

पावसाळ्यात विहिरीत किंवा ओढ्यात कोणी बुडाले की गावभर चर्चा होते. पण राहत्या घरात, न्हाणीघरातील बादलीत मूल बुडू शकते यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. काही वर्षांपूर्वी सव्वा वर्षाचा एक मुलगा माझ्या दवाखान्यात आणला, तेव्हा माझ्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. बादली निम्मीच भरलेली होती. आई दारावरच्या भाजीवाल्याकडून मेथीची जुडी घेऊन परत येईपर्यंत सगळे संपले होते. दवाखान्याच्या पायरीवरच घरची मंडळी तिला विचारू लागली, "तुझं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न मला तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो.

या वयात मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत ओणवे होऊन पाण्यात हात घालताना तोल गेला की ते डोक्यावरच आत जाते. हातांत स्वतःला वर उचलण्याइतका जोर नसतो. भरलेली बादली जड असल्याने कलंडतही नाही. नाक-तोंड बुडेल एवढे, दोन इंच पाणीही पुरते. बुडणारे मूल ओरडत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत चाहूलही लागत नाही.

दुसरा धोका कढत पाण्याचा. आपण आधी कढत पाणी काढतो आणि मग विसण घालतो. तेवढ्या वेळात मूल बादलीत हात घालते. ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने लहान मुलाची कोवळी त्वचा एखाद्या सेकंदात खोलवर भाजते. म्हणून आधी गार पाणी घ्यावे, मग त्यात गरम मिसळावे आणि आपले कोपर बुडवून पाहावे. बादलीत विजेचा हीटर लावला असेल तर मुलाला न्हाणीघरात येऊच देऊ नये.

आपल्याकडे नळाला अनेक ठिकाणी दिवसाआड पाणी येते. ते साठवल्यावाचून गत्यंतर नाही. आणि एकट्या बाईने स्वयंपाक, धुणे, पाहुणे सांभाळून मुलावर अष्टौप्रहर नजर ठेवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. माणसाचे लक्ष चुकणारच. ते चुकले तरी मूल वाचेल अशी घराची व्यवस्था हवी, आणि ती करणे साऱ्या घराचे काम आहे.

न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच कडी बसवा. काम झाले की बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला. पिंप आणि हौद यांना घट्ट झाकण हवे. त्यामुळे डेंग्यूच्या डासांचीही पैदास थांबते. साबण, टॉवेल आधीच जवळ घ्या. अंघोळ चालू असताना दार वाजले तर मुलाला टॉवेलात गुंडाळून कडेवर घेऊन जा. मोठ्या भावंडाच्या भरवशावर त्याला पाण्यापाशी सोडू नका.

एवढे करूनही अपघात झालाच, तर मुलाला उलटे धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. श्वास थांबला असेल तर ताबडतोब त्याच्या नाका-तोंडावर आपले तोंड ठेवून पाच वेळा हलकेच फुंकून श्वास द्या. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, मग दोन श्वास द्या आणि हाच क्रम चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका, आणि डॉक्टरांकडे न्या.

मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आपण मंडप घालतो, गाव जेवू घालतो. मूल त्याआधीच रांगू लागलेले असते. बाबालोकहो, त्या खर्चाचा विचार करण्याआधी हातात स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि न्हाणीघराला ती उंच कडी बसवा. आईला बोल लावण्याची वेळच येऊ नये.