अर्जदारांच्या बाजूने

दरवर्षी १२ जानेवारी उजाडली की सोलापूरच्या चार हुतात्मा पुतळ्यांना हार घातले जातात. भाषणे होतात, शाळांची मुले रांगेने येतात. या आदरात आम्हीही मनोभावे सहभागी आहोत. परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून आम्हांला राहवत नाही. हार वाहणाऱ्या याच हातांपुढे उद्या कुणी फाशीच्या कैद्यासाठी दयेचा अर्ज धरला, तर त्यावर किती सह्या होतील? फार थोड्या होतील, असे आमचे मत आहे. नकार देणारी मंडळी जी कारणे सांगतात, त्यांचा समाचार घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम इतिहास पाहू. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. गिरण्यांचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. जमावाच्या हातून पोलीस शिपाईही मारले गेले. हे सत्य कुणी लपवू नये. १२ मे रोजी शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला. पुढे पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशीची शिक्षा झाली. यांतील कुर्बान हुसेन हा विशीच्या घरातला तरुण. ‘गझनफर’ नावाचे पत्र तो चालवी आणि गिरणी कामगारांत वावरे. अपिले झाली, दयेचे अर्ज झाले. सरकार बधले नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी आमच्या पुणे जिल्ह्यातील येरवडा कारागृहात चौघांना फासावर चढवण्यात आले. त्या दिवशी गांधीजी त्याच कारागृहाच्या भिंतींआड बंदिवासात होते. पुढे चौदा दिवसांनी त्यांची सुटका झाली आणि दोन महिन्यांच्या आत व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्यांच्याशी करारही केला. बोलणी करण्याइतकी मवाळी सरकारपाशी होती. पण चौघांसाठी ती फार उशिरा आली. कैद सोडवता येते, दंड परत करता येतो. फाशीची दुरुस्ती कोणत्याही कराराने होत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की अर्जांनी काय साधते? सोलापूरचे अर्ज कुठे फळले? हा प्रश्न आम्हां मुळशीकरांना नवा नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांचे धरण आमच्या खोऱ्यात उभे राहू लागले, तेव्हा येथील मावळ्यांनी गाऱ्हाणी मांडली, सभा घेतल्या आणि १९२१ साली ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह आरंभला. सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास पत्करला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. मग तो आवाज व्यर्थ होता काय? धरणग्रस्तांचा प्रश्न देशात कुठेही निघाला की मुळशीचे नाव आजही घेतले जाते. अन्याय झाला तेव्हा कुणीतरी ‘नको’ म्हणाले होते, याची नोंद राहिली म्हणूनच पुढच्यांना बळ मिळाले.

दुसरा आक्षेप कायद्याच्या नावाने येतो. न्यायालयाने निकाल दिल्यावर लोकांनी ढवळाढवळ करू नये, असे सांगतात. हे सांगणाऱ्यांनी राज्यघटना उघडून पाहावी. कलम ७२ ने राष्ट्रपतींना आणि कलम १६१ ने राज्यपालांना शिक्षा कमी करण्याचा अधिकार दिला आहे. घटनाकारांना न्यायाधीशांच्या शहाणपणाविषयी शंका होती असे नव्हे; माणसाच्या हातून चूक होते एवढे ते जाणून होते. घटनेने जे दार ठेवले, ते ठोठावणाऱ्याला कायदाविरोधी ठरवणे हे अज्ञान तरी आहे किंवा लबाडी तरी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. क्रूरकर्म्यांवर दया कशासाठी? आम्ही सोपे उदाहरण घेत नाही. २००७ साली आमच्या शेजारच्या मावळात, रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. दोघांना फाशी झाली. दयेच्या अर्जांच्या निकालात व पुढील कार्यवाहीत झालेल्या दिरंगाईमुळे २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आणली आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. लोक संतापले. तो संताप आम्ही जाणतो, आणि त्या मुलीच्या घरच्यांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. पण ३५ वर्षांची कैद म्हणजे मोकळीक नव्हे, हे इतरांनी तरी ध्यानात घ्यावे. आणि रात्री कामावर जाणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, हा खरा प्रश्न फाशीच्या गलबल्यात मागे पडतो, तो पडू देऊ नये.

याहून महत्त्वाचे असे, की फाशीचा दोर फक्त क्रूरकर्म्यांसाठी राखून ठेवता येत नाही. तो असतो राज्यकर्त्यांच्या हाती, आणि कुणाला क्रूर म्हणायचे हेही तेच ठरवू पाहतात. १९३१ साली कुर्बान हुसेन सरकारदफ्तरी खुनीच होता. स्वतंत्र भारतात, आणीबाणी चालू असता, १ डिसेंबर १९७५ रोजी आंध्रातील शेतकरी चळवळीचे भूमय्या आणि किष्टा गौड यांना फाशी देण्यात आले. देशभरातून झालेल्या विनवण्या वाया गेल्या. २०२४ साली इराणमध्ये शरीफे मोहम्मदी या कामगार कार्यकर्तीला मृत्युदंड सुनावला गेला. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि २०२५ साली खालच्या न्यायालयाने तो पुन्हा सुनावला. मजुरांना संघटित करणारा माणूस सत्तेला सदैव धोकादायक वाटत आला आहे. त्याच्यासाठी दोर नको असेल, तर दोरच नको म्हणावे लागते.

आम्हां ख्रिस्ती जनांना तर येथे पळवाट उरलेली नाही. पिलाताच्या अंगणात मृत्युदंड मागणारा आवाज लोकांचाच होता, हे आपण दरवर्षी शुभ शुक्रवारी ऐकतो. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अस्वीकार्य ठरवला. तरीही ‘त्याला लटकवाच’ असे म्हणणारे आपल्याच मंडळींत काही थोडे नाहीत.

ज्यांना आमचे म्हणणे पटणार नाही, त्यांनी सही करू नये. तो त्यांचा हक्क आहे. पण अर्ज घेऊन दारी आलेल्या माणसाला देशद्रोही म्हणून हाकलू नये. त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि कागद निदान पुरा वाचावा. कुर्बान हुसेनसाठी अर्ज करणारेही तेव्हाच्या सरकारी गोटाला असेच नकोसे होते.