मालक कोण, की कायदा कोणाचा?

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २९ जून २०२० रोजी ५९ अॅप्सवर बंदी घातली, तेव्हा गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मंत्रालयाच्या निवेदनात मात्र ‘चीन’ हा शब्द नव्हता. वापरकर्त्यांची विदा चोरून ती भारताबाहेरील सर्व्हरकडे परस्पर पाठवली जाते, अशा तक्रारी आल्याचे कारण त्यात दिले होते. निवेदन एक सांगत होते, देश दुसरेच ऐकत होता. त्याच महिन्यात एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी चिनी खाद्यपदार्थ विकणारी उपाहारगृहे बंद करण्याची मागणी केली. ती चालवणारे आणि तेथे राबणारे जवळजवळ सारे भारतीयच आहेत, हे त्यांच्या गावीही नसावे.

या गदारोळात मूळ भीती खोटी ठरत नाही. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचे सातवे कलम तेथील प्रत्येक संस्थेवर आणि नागरिकावर गुप्तचर कार्यात सहकार्य करण्याचे बंधन घालते. सरकारी मागणी नाकारून कंपनीला दाद मागता येईल, असे स्वतंत्र न्यायालय तेथे नाही. टिकटॉकची मालक असलेल्या बाइटडान्सने डिसेंबर २०२२ मध्ये कबूल केले की, तिच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकी पत्रकारांची विदा अनधिकृतपणे पाहिली होती. असे असता या शंकेला वंशद्वेष म्हणून उडवून लावणे हा भाबडेपणा आहे. परंतु शंका कंपनीला बांधणाऱ्या कायद्याविषयी आहे, तिच्या मालकाच्या वंशाविषयी नव्हे. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जानेवारी २०२४ मध्ये टिकटॉकचे प्रमुख शौ झी च्यू यांना ‘तुम्ही चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात काय’ असे विचारले गेले. आपण सिंगापूरचे नागरिक आहोत, हे त्यांना पुनःपुन्हा सांगावे लागले. विदेच्या रक्षणाशी त्या प्रश्नाचा सुतराम संबंध नव्हता.

फरक कसा राखावा, याचा धडा डब्लिनमध्ये मिळतो. आयर्लंडच्या विदा संरक्षण आयोगाने मे २०२३ मध्ये मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला. युरोपीय नागरिकांची विदा अमेरिकेत नेताना तेथील गुप्तचर यंत्रणांपासून तिला पुरेसे संरक्षण नव्हते, हा ठपका होता. दोन वर्षांनी त्याच आयोगाने त्याच कायद्याखाली टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा दंड केला. यावेळी मुख्य मुद्दा चीनमधून होणाऱ्या विदावापराचा होता. एक कंपनी मित्रराष्ट्राची, दुसरी प्रतिस्पर्ध्याची, कसोटी एकच. शिवाय निर्णयामागची कारणे जाहीर असल्याने कंपनीला त्यांना न्यायालयात आव्हान देता येते.

आपल्याकडे बंदी आली ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६९ अ’ कलमाखाली. कारणे लेखी नोंदवावी लागतात, या संरक्षक तरतुदीचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात हे कलम वैध ठरवले होते. पण २००९ च्या नियमावलीतील सोळावा नियम साऱ्या कार्यवाहीवर गोपनीयतेचा पडदा टाकतो. त्यामुळे कोणत्या अॅपने नेमकी कोणती विदा कोठे पाठवली, हे नागरिकाला आजही तपासता येत नाही. पुरावा दिसत नाही, तेथे लोक शत्रूचा चेहरा पाहून निष्कर्ष काढतात.

यादीतील शीइनची कथा या दृष्टीने बोलकी आहे. हे अॅप फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलमार्फत भारतात परतले. विदा भारतातच राहील आणि शीइनला ती हाताळता येणार नाही, असे वाणिज्य मंत्रालयाने त्याआधी लोकसभेत सांगितले होते. अट योग्यच; पण मग ती सर्वांसाठी लिहिलेली का नाही? केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणात ५ लाख ६२ हजार भारतीयांची विदा बाहेर गेली असण्याची शक्यता फेसबुकनेच २०१८ मध्ये मान्य केली होती. तेव्हा बंदीची भाषा कोणी केली नाही, आणि ती करायलाही नको होती. हवा होता तो कायदा. तो २०२३ मध्ये आला खरा. मात्र त्याचे सोळावे कलम कोणत्या देशात विदा नेऊ नये हे ठरवण्याचा अधिकार केंद्राला देते, निकष सांगत नाही. सतरावे कलम सरकारला आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याची मुभा देते. परक्या सरकारच्या ज्या अमर्याद प्रवेशाला आपण भितो, तो आपल्या सरकारला बहाल करताना संसदेत फारशी चर्चाही झाली नाही.

या संभ्रमाची किंमत अॅप्स चुकवत नाहीत. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या येथेच वाढलेल्यांनाही, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाने ईशान्येतील नागरिकांची हेटाळणी होऊ लागली, तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून ती रोखण्यास सांगावे लागले. सोळाव्या कलमाखालील पहिली अधिसूचना निघेल, तेव्हा तिच्यात देशाच्या नावासोबत कारणेही छापली जातात का, हे पाहायला हवे.