बंदूक गेली, हाव उरली

एके काळी जंगलात बंदूक घेऊन फिरणे हा मूठभरांचा मान होता. जमीनदार, मालगुजार आणि गोरे साहेब मचाणावर बसत. गावकरी हाकारे घालत. कामठ्यासारखी जमीनदारीची ठिकाणे असलेल्या आपल्या मुलखाला हे चित्र नवे नाही. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. मूठभरांचे रान सर्वांचे झाले, असे आपण मानले.

पण शिकाऱ्याची वृत्ती गेली काय? जंगलातून परतणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "वाघ दिसला का?" गवा दिसला, रानकुत्र्यांची टोळी दिसली, सर्पगरुड दिसला, तरी वाघ नसेल तर "काहीच दिसले नाही!" भिंतीवरच्या मुंडक्याची जागा मोबाइलमधल्या फोटोने घेतली, एवढेच. शिवाय गाडी, गाइड आणि प्रवेशशुल्क यांचा हिशेब केला, तर चार जणांच्या सामान्य कुटुंबाला हे रान पुन्हा परकेच वाटते.

गाभ्याच्या जंगलात पायी फिरू देत नाहीत, हे योग्यच आहे. तिथे माणसाच्या हौसेपेक्षा जनावराची शांतता मोठी. मग मुलांनी चालायचे कुठे आणि पाहायचे काय? उत्तर आपल्या उंबरठ्याशी आहे. गोंदिया म्हणजे तलावांचा आणि धानाचा जिल्हा. परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांच्या परिसरात सारस दिसतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि तोही काही डझनांच्या संख्येत. वाघापेक्षा कितीतरी दुर्मीळ! मात्र त्याला पाहायला ना जिप्सी लागते, ना आरक्षण.

यावर कोणी म्हणेल, लोक लोटले तर हाही पक्षी पळून जाईल. शंका रास्त आहे. पावसाळ्यात सारसाची जोडी धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठच्या गवतात घरटे करते, बहुधा दोन अंडी घालते आणि महिनाभर आळीपाळीने उबवते. त्या काळात घरट्याच्या दिशेने पाऊलही टाकू नये. धान कापून झाले की हीच जोडी पिल्लांसह उघड्या शेतात आणि तलावाकाठी वावरते. तेव्हा पाळीवरून, लांबून, दुर्बिणीतून पाहावे. कुत्रा आणि गाण्यांचा डबा घरी ठेवावा.

खरा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. वाघाला सरकारने जंगल दिले; सारसाला जागा दिली ती धानकऱ्याने, स्वतःच्या बांधीतली. घरट्यापुरते पीक तुडवले जाते, त्याची झळ त्यालाच. गोंदियातील निसर्गप्रेमी आणि शेतकऱ्यांनी घरटी राखली म्हणून तर हा पक्षी इथवर टिकला. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पण न्यायालय बांधीवर राखण करायला येणार नाही. कीटकनाशके, शेतावरून गेलेल्या वीजवाहिन्या आणि तलावांवरची अतिक्रमणे यांचा बंदोबस्त करायचा, तर ज्याच्या शेतात घरटे, त्याच्या हाती चार पैसे पडलेच पाहिजेत. सफारीच्या उत्पन्नातला वाटा जंगलालगतच्या गावांना मिळावा असे आपण म्हणतो. मग सारसाच्या गावांनी काय घोडे मारले आहे?

येत्या हिवाळ्यात एका रविवारी मुलांना घेऊन तलावाच्या पाळीवर जा. आधी शेतकऱ्याला रामराम करा, त्याची परवानगी घ्या, त्याच्याकडचे पायलीभर तांदूळ रोख पैशांनी विकत घ्या. सारस दिसला तर उत्तम. नाही दिसला, तर तो कोणाच्या भरवशावर जगतो, हे तरी मुलांना कळेल.